अनिवासी बहिणीच्या हिश्श्यावरचा टीडीएस कमी करायला फॉर्म १३: पुण्यातला फ्लॅट, एक मालक भारतात, एक परदेशात

कोथरूड_विक्री

कोथरूडमधला फ्लॅट विकतोय. करारावर आई आणि ताई अशी दोन नावं, हिस्सा निम्मा-निम्मा. खरेदी मे २००९ची, स्टॅम्प ड्युटी-नोंदणी धरून ४० लाख. आता सौदा १ कोटी २० लाखांना ठरतोय, एजंटची दलाली १ टक्का. आई पुण्यात, निवासी. ताई मेलबर्नला, बारा वर्षं अनिवासी, पॅन आहे, एनआरओ खातं (अनिवासीचं भारतातलं रुपयांचं खातं) आहे.

खरेदीदाराच्या सीएने सांगितलं की ताईच्या ६० लाखांवर १४.३ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापणार, म्हणजे ८ लाख ५८ हजार. आईच्या ६० लाखांवर मात्र फक्त १ टक्का. ताईचा प्रत्यक्ष कर एवढा होत नाही. कलम १९७खाली फॉर्म १३ भरून दाखला घेतला तर कमी दराने कापता येतं, इथपर्यंत कळलं. पुढचं नीट सांगा: अर्ज कुणी करायचा, कधी, काय जोडायचं, आणि कुठे अडकतं? आत्ता नोव्हेंबर २०२५ आहे, खरेदीखत जानेवारीच्या शेवटी करायचा विचार आहे. खरेदीदार १० लाख टोकन द्यायला घाईला आलाय.

जमाखर्च

टोकन आत्ता घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे आधी.

कारण असं की टीडीएस खरेदीखताच्या दिवशी कापायचा नसतो, पैसे देताना कापायचा असतो. टोकनही त्यातच आलं. आणि १९७चा दाखला ज्या दिवशी निघतो त्या दिवसापासून पुढे लागू होतो, मागे जात नाही. १० लाखांतले ५ लाख ताईचे धरले तर त्यावर १४.३ टक्क्यांनी ७१,५०० रुपये कापून भरावेच लागतील, दाखला नंतर आला तरी. खरेदीदाराला काहीतरी हातात हवंच असेल तर साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) स्वच्छ लिहून टोकन आईच्या हिश्श्यापोटी आईच्याच खात्यात घ्या. तिथे १ टक्का कापून विषय संपतो. शेवटी दोघींचे ६०-६० लाख जुळले पाहिजेत एवढं सांभाळा.

आता आकडे. ताईच्या बाजूने: ६० लाख विक्री, वजा २० लाख खरेदी, वजा ६० हजार दलाली. नफा ३९,४०,००० रुपये. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दीर्घ मुदतीचा दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांक नाही. कर ४,९२,५००, त्यावर ४ टक्के उपकर १९,७००, एकूण ५,१२,२००. नफा ५० लाखांच्या आत म्हणून अधिभार नाही. खरेदीदार मात्र पूर्ण ६० लाखांना उत्पन्न धरून बसतो, म्हणून त्याच्या हिशेबात १० टक्के अधिभार येतो आणि १२.५चे १४.३ होतात. दाखला मिळाला तर ५,१२,२०० भागिले ६० लाख, म्हणजे ८.५४ टक्के दर पडेल. फरक साधारण ३ लाख ४६ हजारांचा.

आईचं गणित वेगळं आहे, आणि ते बघून ताईला वाईट वाटेल. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घरासाठी जुना पर्याय शिल्लक आहे: निर्देशांक लावून २० टक्के, किंवा न लावता १२.५, जो कर कमी तो. २००९-१०चा निर्देशांक १४८, २०२५-२६चा ३७६. २० लाखांचे ५०,८१,०८१ होतात. नफा उरतो ८,५८,९१९, कर उपकरासकट १,७८,६५५. शिवाय आईचं दुसरं उत्पन्न कमी असेल तर मूळ सवलतीची (ज्या उत्पन्नापर्यंत कर नसतो त्या मर्यादेची) न वापरलेली रक्कम या नफ्यातून वजा होते. अनिवासीला यातलं काहीच नाही, ना निर्देशांक, ना उरलेली मूळ सवलत. एकच फ्लॅट, एकच भिंत, आणि ताईचा कर आईच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे फॉर्म १३च्या गणनेत ताईसाठी निर्देशांक लावून कागद तयार करू नका. जुन्या नमुन्यावरून उतरवणारे अजून असं करतात आणि अर्ज परत येतो.

अर्ज कुणाचा? ताईचा, तिच्या पॅनवर. आईला अर्जाची गरज नाही. सरकारी फी नाही.

जमाखर्च

पुढचं वेगळ्या प्रतिसादात, लांबतंय.

पहिला अडथळा ताईच्या बाजूला नसतो, खरेदीदाराच्या बाजूला असतो. फॉर्म १३मध्ये कापणाऱ्याचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो आणि दाखला त्या टॅनपुरताच निघतो. निवासी विक्रेत्याकडून घर घेताना पॅनवर २६क्यूबी (घरखरेदीच्या १ टक्का टीडीएसचा फॉर्म) भरलं की भागतं, म्हणून बहुतेक खरेदीदारांकडे टॅन नसतोच. त्यांनी फॉर्म ४९बी ऑनलाइन भरायचा, फी शंभर रुपयांच्या आत. पुण्याचा टॅन पीएनई या अक्षरांनी सुरू होतो, चौथं अक्षर खरेदीदाराच्या नावाचं. तो हातात आल्याशिवाय ताईचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून हा कागद आजच हलवा.

दुसरं, आयकर पोर्टलवर ताईच्या प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा ‘अनिवासी’ आहे का ते बघा. बारा वर्षांपूर्वी पॅन काढताना ती पुण्यात असेल तर पॅन अजून पुण्याच्या साध्या वॉर्डात पडलेला असणार. अनिवासीचा फॉर्म १३ आंतरराष्ट्रीय करआकारणीच्या अधिकाऱ्याकडे जायला हवा. पोर्टलवर ‘नो युवर एओ’मध्ये पॅन टाकला की कुठला वॉर्ड ते दिसतं. साधा वॉर्ड दिसला तर त्या अधिकाऱ्याला पॅन वर्ग करण्याचा अर्ज द्यायचा: सोबत पासपोर्ट, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा किंवा तिथल्या नागरिकत्वाचा कागद, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि हे काम फॉर्म १३च्या आधी संपलं पाहिजे. चुकीच्या वॉर्डात गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

त्याच वेळी पॅन ‘निष्क्रिय’ दाखवत नाही ना तेही बघा. अनिवासीला आधार जोडायची सक्ती नाही, पण खात्याला तिचा दर्जाच माहीत नसेल तर पॅन बंद पडलेला असतो. निष्क्रिय पॅनवर कपात चढ्या दराने होते. आईचाही पॅन आधारला जोडलेला नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतील.

मग ट्रेसेसवर (आयकर खात्याच्या टीडीएसच्या पोर्टलवर) करदाता म्हणून नोंदणी. भारताबाहेरून नेहमीची साइट उघडत नाही, अनिवासींसाठी त्यांचं वेगळं पोर्टल आहे, तिकडून जायचं. लॉगिन झाल्यावर ‘स्टेटमेंट्स/फॉर्म्स’ या मेनूत फॉर्म १३ची विनंती. मसुदा जतन होतो, त्यामुळे एका बैठकीत भरायची गरज नाही. शेवटी डिजिटल सही किंवा ई-पडताळणी. ताईचा भारतातला मोबाइल बंद झाला असेल तर ओटीपीचा घोळ होतो, म्हणून तिच्या नावाची डिजिटल सही आधीच काढून ठेवलेली बरी. परदेशातून ती व्हिडिओ पडताळणीने निघते.

फॉर्ममध्ये खरा मजकूर थोडाच आहे: यंदाच्या आर्थिक वर्षाचं अंदाजित एकूण उत्पन्न, त्यावरचा कर, आतापर्यंत कापलेला टीडीएस आणि भरलेला आगाऊ कर, मागच्या चार वर्षांची उत्पन्नं, थकबाकी असेल तर ती, आणि खरेदीदाराचा टॅन, कलम १९५ (अनिवासीला पैसे देतानाचा टीडीएस), रक्कम व मागितलेला दर. नियम २८एएमध्ये अधिकाऱ्याने हेच बघायचं असं लिहिलेलं आहे. एनआरओ खात्याचं व्याज विसरू नका. ते २६एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या कराच्या उताऱ्यात) बँकेने आधीच दाखवलेलं असतं, तुमच्या अंदाजात नसलं की पहिली शंका तिथेच येते.

जोडायचे कागद: २००९चा नोंदणीकृत करार इंडेक्स टूसकट, त्या वेळी पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी, स्टॅम्प ड्युटीची पावती, आत्ताचं साठेखत किंवा दोघांच्या सह्यांचा समजुतीचा करार, यंदाच्या रेडी रेकनरचं (सरकारने ठरवलेल्या बाजारदराचं) मूल्यांकन, नफ्याची गणना सीएच्या सहीने, चार वर्षांच्या विवरणपत्रांच्या पोच, पासपोर्टची पानं, २६एएस. बिल्डरने ताबा नंतर दिला असेल तर ताबापत्रही.

कोथरूड_विक्री

मनापासून आभार. तीन गोष्टी वाढल्या.

एक, फ्लॅट तीन वर्षं भाड्याने होता, महिना २२ हजार, भाडं पूर्ण आईच्या खात्यात. ताईने चार वर्षांत एकदाही विवरणपत्र भरलेलं नाही. दोन, २००९मध्ये पैसे जवळजवळ सगळे ताईचे, आईने फक्त ५ लाख दिले होते. तीन, खरेदीदाराची बँक म्हणते बायकोचंही नाव लागेल.

हवेली_क्र_४

बायकोच्या नावाचं आधी. बँकेला ती सहकर्जदार म्हणून हवी की करारात खरेदीदार म्हणून, हे आजच विचारून घ्या. फक्त सहकर्जदार असेल तर टॅन एकच. खरेदीदार म्हणून नाव येणार असेल तर तिचाही स्वतंत्र टॅन, ताईच्या अर्जात दोन टॅन आणि प्रत्येकापुढे ३०-३० लाख, दाखले दोन. आईसाठीही २६क्यूबी दोन भरावे लागतील. अर्ज गेल्यावर नाव वाढलं तर पहिला दाखला दुसऱ्या खरेदीदाराच्या कामाचा नाही.

साठेखतात हिस्सा आकड्यात लिहा. ‘संयुक्त मालक’ एवढंच लिहिलं की अधिकारी विचारतो निम्मं कशावरून. किंमत एकूण आणि प्रत्येकीची रुपयांत, पैसे कोणत्या खात्यात जाणार तेही. ताईचे पैसे एनआरओ खात्यातच जायला हवेत, आईच्या खात्यात नाही.

रेडी रेकनर करारापेक्षा जास्त असेल तर बघा: १० टक्क्यांच्या आतला फरक चालतो, त्यावर गेलं की रेडी रेकनरचीच रक्कम विक्रीची किंमत धरतात. १ कोटी २० लाखांच्या सौद्यात रेकनर १ कोटी ३२ लाखांच्या वर नसला पाहिजे. पार्किंग वेगळं विकत असाल तर त्याची रक्कमही हिशेबात घ्या.

मुखत्यारपत्राने व्यवहार करणार असाल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणा आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरा. यात दिरंगाई झाली की खरेदीखताची तारीख हलते, आणि इथे तारखेला किंमत आहे.

जमाखर्च

भाड्याचं ऐका. वर्षाला २ लाख ६४ हजार, ताईचा निम्मा हिस्सा १ लाख ३२ हजार, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की ९२,४००. एनआरओचं थोडं व्याज मिळवलं तरी मूळ सवलतीच्या खूप खाली. म्हणजे विवरणपत्र भरायची सक्ती नव्हती. पण हे अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही. चार वर्षांच्या रकान्यात शून्य टाकून मोकळे झालात तर ‘फ्लॅट रिकामा होता का’ हा प्रश्न येणारच. एक पानी टिपण जोडा: भाडं किती, कुणाच्या खात्यात, ताईचा हिस्सा किती, वर्षवार एकूण उत्पन्न मर्यादेखाली कसं. भाडेकरार सोबत. भाडेकरूने ताईच्या हिश्श्यावर टीडीएस कापायला हवा होता हाही प्रश्न निघू शकतो, पण ते दायित्व भाडेकरूचं आहे.

पैसे कुणी दिले हे मात्र गंभीर आहे. नाव निम्मं आणि पैसा निम्मा नसेल तर कर नावावरून लावायचा की पैशावरून, यावर अधिकारी अडतो. ४० लाखांत आईचे ५ आणि ताईचे ३५ असतील, तर ताईने आईसाठी १५ लाख भरले असा अर्थ होतो. मुलीने आईला दिलेली भेट करमुक्त आहे, त्यात गैर काही नाही. पण ते लिहून मांडलेलं हवं. २००९च्या करारात हिस्सा निम्मा लिहिलेला असेल तर तो कागद तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. लिहिलेला नसेल तर सीएकडून आधी ठरवून घ्या की ५०:५० मांडायचं की ८७.५:१२.५, आणि मग साठेखत, फॉर्म १३, २६क्यूबी आणि पुढच्या वर्षीची दोघींची विवरणपत्रं, सगळीकडे तेच एक. सगळ्यात जास्त कर वाचवणारी विभागणी शोधून मग तिला शोभेल असा कागद करायला जाऊ नका. आईच्या बाजूला निर्देशांक आहे म्हणून आईचा हिस्सा फुगवला असा संशय येणं सोपं आहे.

व्याजासकट

छोटा प्रश्न, धागा न भरकटवता: ताईचं वय साठच्या पुढे असेल तर १५एच (कर लागत नाही, टीडीएस कापू नका, असं घोषणापत्र) देऊन भागत नाही का?

जमाखर्च

नाही. १५जी आणि १५एच फक्त निवासींसाठी, आणि घरविक्रीला तर मुळातच नाहीत. ८७एची (कमी उत्पन्नावरच्या कराची) सूटही निवासींनाच.

टॅनधारक

खरेदीदाराच्या बाजूने लिहितो. धाग्यात सगळे विक्रेत्याची बाजू सांगतायत, आणि नोटीस खरेदीदाराला येते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: खरेदीदार दोन्ही विक्रेत्यांसाठी २६क्यूबी भरून १-१ टक्का कापून मोकळा होतो. अनिवासीला २६क्यूबी चालत नाही. तिथे चलन २८१, कलम १९५, टॅनच्या लॉगिनने, आणि तिमाहीला २७क्यू (अनिवासींच्या टीडीएसचं विवरण). १ टक्का कापला तर उरलेल्या रकमेचा खरेदीदार स्वतः देणेकरी ठरतो: न कापल्याबद्दल महिना १ टक्का व्याज, कापून न भरल्यास महिना दीड टक्का. २७क्यू उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये, टीडीएसच्या रकमेपर्यंत. तेव्हा खरेदीदार पूर्ण दराने कापायचा हट्ट धरतो तो वैरापोटी नाही, त्याच्या हातात दाखला नसतो म्हणून. ‘आमचा नफा कमी आहे’ हे तोंडी सांगून त्याने कमी कापणं त्याला परवडणारं नाही.

दाखला आल्यावर खरेदीदाराने काय तपासायचं: त्यावर त्याचाच टॅन आहे का, ताईचा पॅन, कलम, दर, रकमेची मर्यादा, आणि लागू होण्याची तारीख. ट्रेसेसवर टॅनच्या लॉगिनमध्ये १९७च्या दाखल्याची पडताळणी करता येते, ती करून प्रत छापून ठेवा. नुसत्या व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबून ६० लाख देऊ नका.

मर्यादेचं कलम लोक वाचतच नाहीत. दाखल्यात ‘६० लाखांपर्यंत’ लिहिलं असेल तर कमी दर तेवढ्यालाच. शेवटच्या क्षणी किंमत दोन लाखांनी वाढवली आणि ताईच्या वाट्याला ६१ लाख आले, तर वरच्या एका लाखावर पूर्ण दर.

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची. जानेवारीत पैसे दिले तर ७ फेब्रुवारी. मार्चमध्ये दिले तर ३० एप्रिल. जानेवारी ते मार्च तिमाहीचं २७क्यू ३१ मेपर्यंत. त्यात ताईच्या ओळीत कमी कपातीचं कारण ‘ए’ निवडायचं आणि दाखल्याचा क्रमांक जसाच्या तसा घालायचा. क्रमांक राहिला किंवा एक अक्षर चुकलं की प्रणाली पूर्ण दर धरून तूट काढते आणि मागणी पाठवते. मग दुरुस्ती विवरण भरत बसा. २७क्यू प्रक्रियेत गेल्यावर फॉर्म १६ए (टीडीएसचं प्रमाणपत्र) डाउनलोड करून ताईला द्यायचा. तो दिला नाही तर ताईच्या २६एएसमध्ये नोंद आहे का ते ताईने बघत राहायचं, आणि न दिसल्यास तगादा लावायचा.

खरेदीदार स्वतःही १९५(२)खाली फॉर्म १५ई भरून किती रकमेवर कापायचं हे ठरवून मागू शकतो. पण कागद सगळे ताईकडे, त्यामुळे या प्रकरणात १३ सोयीचा.

मेलबर्नचा_मामा

ताईला पैसे ऑस्ट्रेलियात न्यायचे असतील तर दाखल्यातच थोडा पुढचा विचार करा. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, १५सीए (पैसे बाहेर पाठवतानाचं निवेदन) आणि सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागतं. तेव्हा बँक विचारते कर भरला का, आणि १९७चा दाखला व १६ए हेच पुरावे पुरतात.

ताईने कलम ५४ईसीचे (नफा गुंतवून कर वाचवण्याचे) रोखे घेतले तर कर शून्यावर येऊ शकतो, कारण नफा ३९ लाख ४० हजार आणि मर्यादा ५० लाख. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, पाच वर्षं अडकतात, व्याज करपात्र. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे. पण पैसे बाहेर न्यायचे असतील तर पाच वर्षं ते इथेच. ताईने ठरवावं.

जमाखर्च

५४ईसी किंवा नवीन घराची कलम ५४ची सूट फॉर्म १३मध्ये मागता येते का, हा पुढचा प्रश्न असणारच. मागता येते, मिळेलच असं नाही. अर्जाच्या वेळी गुंतवणूक झालेलीच नसते, कारण पैसेच आलेले नसतात. काही अधिकारी प्रतिज्ञापत्र घेऊन मान्य करतात, काही म्हणतात विवरणपत्रात मागा. नवीन घराचं नोंदणीकृत साठेखत आणि दिलेला पहिला हप्ता दाखवता आला तर बाजू मजबूत होते. ‘घेणार आहोत’ एवढ्यावर नाही. माझं मत: ताईचं निश्चित ठरलेलं नसेल तर सूट न मागता ८.५४ टक्क्यांचाच अर्ज करा. स्वच्छ गणनेचा अर्ज लवकर निघतो, आणि रोखे नंतर घेतले तरी परतावा मिळतोच.

अजून दोन ठिकाणी अर्ज लटकतो. पोर्टलवर ताईच्या नावावर जुनी मागणी दिसत असेल, अगदी २०१०-११ची आणि चुकीची असली तरी, तिला आधी उत्तर द्या किंवा भरा. आणि घरखर्च: फर्निचर, किचन ट्रॉली, रंगकाम हे ‘सुधारणा खर्च’ म्हणून घुसवू नका. बिलं नसतील तर कापलं जातं आणि बाकीच्या कागदांकडेही वाकड्या नजरेने बघितलं जातं. गृहकर्जाचं व्याज घराच्या उत्पन्नातून आधी वजा घेतलं असेल तर ते खरेदी किमतीत पुन्हा मिळवता येत नाही.

अर्ज गेल्यावर ट्रेसेसवर विनंतीची स्थिती रोज बघा. अधिकारी शंका तिथेच किंवा ईमेलवर टाकतो आणि उत्तराला मुदत असते. ईमेल ताईच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडलं आणि मुदत गेली तर अर्ज फेटाळला जातो, मग नव्याने. फेटाळताना कारण लिहिलेलं असतं, ते वाचून तेवढंच दुरुस्त करून परत भरा. महिनाभर धरून चाला, पॅन वर्ग करायचा असेल तर त्याहून जास्त. म्हणून जानेवारीअखेरचं खरेदीखत हवं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज आत गेला पाहिजे.

आणि ३१ मार्च ओलांडू देऊ नका. दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच. एप्रिलमध्ये गेलात तर नवा अर्ज, आणि १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय, त्यात टीडीएस कलम ३९३मध्ये आणि दाखल्याची तरतूद कलम ३९५मध्ये गेलीय. रेडी रेकनरचे नवे दरही १ एप्रिललाच लागतात.

दाखला वेळेत आला नाहीच, तर व्यवहार मोडू नका. पूर्ण ८ लाख ५८ हजार कापू द्या, ताईने ३१ जुलै २०२६पर्यंत आयटीआर-२ भरावं, उरलेले ३ लाख ४६ हजार परत येतात, महिना अर्धा टक्का व्याजासकट. परतावा जमा करायला एनआरओ खातं पोर्टलवर आधी प्रमाणित केलेलं हवं.

कोथरूड_विक्री

समजलं. पॅन बघितला, खरंच साध्या वॉर्डात आहे, अर्ज तयार करतोय. २००९च्या करारात ‘समान हिस्सा’ असं वाक्य आहे. बायको फक्त सहकर्जदार, बँकेने लेखी दिलं. शेवटचं: बँक ८० लाख कर्ज देतेय आणि ‘आम्ही टीडीएस वजा करून चेक काढत नाही’ म्हणते. मग कापायचं कुठून?

टॅनधारक

खरेदीदाराच्या स्वतःच्या ४० लाखांतून. बँकेला दोन चेक सांगा, आईच्या नावे ४० लाख आणि ताईच्या एनआरओ खात्याच्या उल्लेखासह ताईच्या नावे ४० लाख. त्याच दिवशी खरेदीदार आपल्या बाजूने आईला २० लाख वजा ६० हजार, म्हणजे १९,४०,००० देईल, आणि ताईला २० लाख वजा ६० लाखांवरचे ८.५४ टक्के, ५,१२,४००, म्हणजे १४,८७,६००. टोकन आईला आधी गेलं असेल तर तिच्या रकमेतून ते आणि त्यावर कापलेला १ टक्का वळते करा.

हे सगळं एकाच दिवशी करायचं, कारण टीडीएस प्रत्येक पैशाबरोबर कापायचा असतो. खरेदीदाराने स्वतःचे पैसे महिनाभर आधी देऊन टाकले आणि बँकेचे चेक शेवटी आले, तर त्या ८० लाखांवर कापायला त्याच्या हातात काही उरत नाही. खरेदीखतात पैशांच्या तपशिलात चेक क्रमांकांबरोबर टीडीएसच्या दोन्ही रकमा स्वतंत्र ओळीत लिहा, नाहीतर एकूण १ कोटी २० लाख जुळत नाहीत आणि बँकेचा वकील मसुदा परत पाठवतो.